पुरुषोत्तमच्या हुंदक्याची जागा

सन १९८३ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या कार्यकारिणीपुढे एक गंभीर बाब आली. सभासद पुरुषोत्तम दातीर हे आपल्या गराजमध्ये गातात, अशी ती बाब होती. गाण्याला मंडळाची हरकत नव्हती. आमच्याकडे गाणारे सगळेच आहेत, चणचण आहे ती ऐकणाऱ्यांची. पण पुरुषोत्तम कंट्री, म्हणजे इथल्या काउबॉय मंडळींचं संगीत, गात होता, तेही इंग्रजीतून, आणि ऑक्टोबरात काउंटीच्या जत्रेत चार गोऱ्यांसमोर स्पर्धेला उभा राहणार होता. हे सगळं त्याने मंडळाला न विचारता ठरवलं होतं.

त्या वर्षी डॅलसच्या आसपास कंट्रीची साथच आली होती. ज्यांनी जन्मात गाय जवळून पाहिली नाही असे दंतवैद्य आणि बँक मॅनेजर टोकदार बूट घालून ऑफिसला जात. आमचे अध्यक्ष डॉ. नरेंद्र हिर्लेकर हृदयरोगतज्ज्ञ, मूळचे गिरगावचे. तेसुद्धा रुंद काठाची हॅट घालून राउंडला जाऊ लागले होते. त्यांना पाहून एका पेशंटने त्याच दिवशी डिस्चार्ज मागितला, आणि तो खडखडीत बरा झाला.

मंडळाचा कार्यवाह या नात्याने चौकशीचं काम माझ्याकडे आलं. सोबत सांस्कृतिक चिटणीस प्रसन्न होता. प्रसन्न पुण्यात दोन वर्षं गाणं शिकला होता आणि उरलेलं आयुष्य ते लोकांना सांगण्यात घालवत होता. पुरुषोत्तमने आम्हाला गराजमध्ये घडीच्या खुर्च्या दिल्या, नीलावहिनींनी चहा दिला, आणि तो गायला. गाणं त्याने स्वतःच रचलं होतं. एक ट्रकवाला घरी निघालाय आणि रस्ता काही संपत नाही, एवढंच त्यात होतं. आवाज साधा. शेजारी बसून कुणी ‘जेवलास का’ विचारावं, तसा.

गाणं संपल्यावर प्रसन्नने चहाचा कप खाली ठेवला.

“प्रॉब्लेम मोठा आहे यार,” तो म्हणाला. “ऐकायला बरं वाटतंय.”

“मग?” पुरुषोत्तम म्हणाला.

“मग त्यात शास्त्र कुठाय?”

प्रसन्नने ऑफिसला ड्राइव्ह करताना रेडिओ ऐकून कंट्रीचा अभ्यास केला होता. त्याच्या संशोधनानुसार या संगीतात तीन घराणी होती. पहिलं नासिका घराणं. यात गळ्याचं काम नाकावर सोपवलेलं असतं. दुसरं हुंदका घराणं, म्हणजे ओळीच्या मध्यावर आवाज मोडायचा आणि कोणी सावरायला यायच्या आत पुन्हा जोडायचा. तिसरं कंठपालट घराणं. त्यात पुरुष गाता गाता एकाएकी बारीक आवाजात ओरडतो, विंचू चावल्यासारखा. पुरुषोत्तम यांपैकी कशातच बसत नव्हता. बिनघराण्याचा माणूस मंडळाच्या नावाने गायला तर अब्रू जाईल, असं कार्यकारिणीचं एकमत झालं.

“अरे, पण मी मंडळाच्या नावाने गातच नाहीये,” पुरुषोत्तम म्हणाला. “माझ्या नावाने गातोय. एकदा, माझ्या आवाजात. एवढीच हौस आहे.”

त्याचा हा मुद्दा नोंदवून घेण्यात आला आणि मंडळाने त्याला आपला अधिकृत प्रतिनिधी जाहीर केलं.

घराणं म्हटलं की गुरू आला. महामार्गाजवळ जुन्या गाड्या विकणारे एक ड्वेन टकर म्हणून गृहस्थ होते. शनिवारी बारमध्ये गात. तिन्ही घराण्यांवर त्यांची हुकमत होती. डॉक्टरांच्या दिवाणखान्यात रीतसर गंडाबंधन झालं. नारळ, उपरणं, पेढे, सगळं यथासांग. पुरुषोत्तमने वाकून नमस्कार केला तेव्हा टकर यांना वाटलं त्याचं काही खाली पडलंय, म्हणून तेही वाकून शोधू लागले. त्या दिवसापासून आम्ही त्यांना टकरबुवा म्हणू लागलो, आणि नाव घेताना कानाची पाळी धरू लागलो.

पेढा खाता खाता टकरबुवांनी सांगितलं, की त्यांचा जन्म न्यू जर्सीचा. हे हेल, हे नाक, हा हुंदका त्यांनी तिथेच कॅसेट लावून शिकून घेतला होता. टेक्ससमध्ये गाड्या खपायच्या तर त्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

सभेत चुळबुळ झाली. पण अध्यक्षांनी ताबडतोब निर्णय दिला. “जन्माने मिळालेलं नाक काय, कुणालाही मिळतं. साधनेने मिळवलेलं नाक श्रेष्ठ.” टाळ्या झाल्या.

साधना सुरू झाली. पहाटे कपड्यांचा चिमटा नाकाला लावून खर्ज. संध्याकाळी एका अक्षराची तीन करण्याचा रियाज. पुरुषोत्तम मुळात आज्ञाधारक माणूस, शिवाय इंजिनिअर, त्यामुळे जे करायचं ते तो नीट करत असे. महिन्याभरात नाक आलं. मग ते जाईना. ऑफिसच्या मीटिंगमध्ये येऊ लागलं, देवळात आरतीला येऊ लागलं. एकदा पाहुण्यांसमोर त्याने जेवताना मीठ मागितलं ते नेमकं हुंदक्यासकट. पाहुण्यांनी मीठ तर दिलंच, वर सांत्वनही केलं.

“डॅड, व्हाय आर यू टॉकिंग लाइक अ डक?” त्याची मुलगी रुपाली म्हणाली. तिला गाण्यातलं कळत नाही म्हणून तिकडे दुर्लक्ष करण्यात आलं.

खरी अडचण पुढेच होती. टकरबुवा म्हणाले, पोराचा हुंदका सुरेख आहे, पण आतून येत नाही, कारण आत काही नाही. कंट्री गाणाऱ्याला दुःख लागतं. तेव्हा पुरुषोत्तमच्या दुःखाची तपासणी करण्यासाठी त्याच्याच घरी कार्यकारिणीची खास बैठक बोलावली. चिवडा आणि श्रीखंड होतं.

“बायको सोडून गेली आहे का?” डॉक्टरांनी विचारलं.

“नाही. आत चहा करतेय.”

“दारू?”

“सर्दी झाली तर. चमचाभर.”

“तुरुंगवास?”

“स्पीडिंगचं तिकीट मिळालं होतं एकदा.”

“कुत्रा वगैरे मेलाय?”

“रुपालीचा गोल्डफिश गेला मागच्या वर्षी.”

डॉक्टरांनी प्रसन्नकडे पाहिलं. प्रसन्नने मान हलवली. गोल्डफिशवर कोणत्याच घराण्यात चीज नव्हती.

“दुसरं काही?” मी विचारलं. “नीट आठव. काहीतरी असेलच.”

पुरुषोत्तमने चिवड्याची बशी बाजूला ठेवली. मग म्हणाला, पण नाकातून नाही. “फेब्रुवारीत बाबा गेले. कराडला. आजारी असल्याचा ट्रंक कॉल आला तेव्हा इथे बर्फ पडून विमानतळ बंद होता. मी येतोय म्हटल्यावर बाबांनी दारावरचा दिवा लावून ठेवायला सांगितलं होतं. रात्री-अपरात्री पोचेल म्हणाले. मी पोचलो तेव्हा सगळं होऊन चार दिवस झाले होते. भर दुपार होती. दिवा चालूच होता. मालवायचं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.”

चिवड्यातला एक शेंगदाणा कुणाच्या तरी दाताखाली फुटला.

“माझ्या आईच्या वेळी लंडनला कनेक्शन चुकलं,” प्रसन्न म्हणाला.

“मला तर तारच आठवड्याने मिळाली,” डॉक्टर म्हणाले.

एकेक करून सगळेच बोलले. मीही बोललो. त्यावरून उघड झालं, की सदर दुःख हे इथे बसलेल्या प्रत्येकाकडे आहे, म्हणजेच त्यात विशेष असं काही नाही. “याला दुःख म्हणत नाहीत,” अध्यक्षांनी समारोप केला. “हे आपलं रोजचंच आहे.” सर्वसामान्य स्वरूपाचं असल्याने ते अग्राह्य ठरवलं आणि सगळ्यांनी घाईघाईने श्रीखंड घेतलं.

ग्राह्य दुःख नाही म्हटल्यावर ते पुरवणं मंडळाचं कर्तव्यच होतं. नीलावहिनींनी जत्रेपर्यंत पुरुषोत्तमला सोडून जावं, असा ठराव पास झाला.

“कुठे जाऊ?” वहिनींनी विचारलं.

“सुनेत्राकडे. दोनच गल्ल्या पलीकडे आहे,” मी म्हणालो. सुनेत्रा म्हणजे माझी पत्नी. तिची संमती गृहीत धरली होती.

“आणि गाणं कोणाचं, तुमचं की ह्याचं?” वहिनींचा आवाज चढला. “ह्याचा आवाज ऐकून मी लग्न केलं, माहितेय? त्याचं बदक केलंत तुम्ही! आता संसार पण मोडताय?”

“तात्पुरता, वहिनी.”

वहिनी नवऱ्याकडे वळल्या. “अरे, तू तरी बोल काहीतरी!”

पुरुषोत्तमने तोंड उघडलं. आला तो हुंदका, अगदी शास्त्रशुद्ध. वहिनींनी तडक रुपालीला घेतलं, प्रेशर कुकर घेतला आणि त्या खरोखरच रागावून निघून गेल्या. कामात कसूर कशी ती नाहीच.

कार्यकारिणीने चारच दिवसांत प्रगती पाहिली. पुरुषोत्तम बटाट्याचे वेफर्स खाऊन बेसबॉल बघत होता. दुःख बेताचं होतं. टकरबुवांचं म्हणणं पडलं, की बायको नुसती जाऊन भागत नाही, दुसऱ्या पुरुषाबरोबर जावी लागते. हा ठराव बैठकीत मांडण्यात आला, पण त्याला अनुमोदक मिळाला नाही. त्याऐवजी शेजाऱ्यांचा म्हातारा कुत्रा आणून ठेवला, तो जाण्याच्या बेतात आहे असं ऐकून. कुत्र्याला पुरुषोत्तमचा इतका लळा लागला, की आठवड्यात तो उड्या मारू लागला. तो अद्याप हयात आहे.

जत्रेचा दिवस उजाडला. मंडळाचे झाडून सगळे सभासद हॅट घालून हजर होते. नीलावहिनी सुनेत्राशेजारी बसल्या होत्या, व्यासपीठाकडे पाठ करून. व्यासपीठासमोर प्रसन्न रुमाल घेऊन उभा राहिला. रुमाल वर गेला की हुंदका, असं ठरलं होतं. पुरुषोत्तमच्या आधी एक दंतवैद्य गायला, एक विमा एजंट गायला, एक बँक मॅनेजर गायला. सगळ्यांचं नाक तेच, सगळ्यांचा हुंदका त्याच जागी. सगळ्यांच्या बायका पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होत्या.

मग आमचा पुरुषोत्तम. पहिलं कडवं निर्दोष झालं. नाक असं लागलं, की टकरबुवांनी स्वतःच्या कानाची पाळी धरली. दुसऱ्या कडव्यात ट्रकवाला गावाच्या वेशीशी येतो आणि त्याला लांबून घराच्या दारावरचा दिवा दिसतो. ही ओळ गराजमध्ये ऐकली होती तेव्हा आम्हाला ती साधीच वाटली होती.

त्या ओळीवर पुरुषोत्तम थांबला.

तोंड उघडं, आवाज नाही. प्रसन्नने रुमाल वर केला. काही नाही. प्रसन्नने रुमाल हलवला, झेंड्यासारखा फडकवला. गिटारवाला वाजवतच राहिला. मग पुरुषोत्तम पुन्हा गाऊ लागला, पण नाक गेलं होतं, हेल गेले होते. गराजमधला तोच आवाज, शेजारी बसून बोलल्यासारखा. नीलावहिनी वळल्या. मागचं-पुढचं काही न बघता उठल्या आणि थेट व्यासपीठाच्या कठड्याशी जाऊन उभ्या राहिल्या.

प्रसन्नचा रुमाल डोळ्यांना लागला होता. डॉक्टरांनी हॅट काढली होती आणि ती तोंडासमोर धरली होती. माझ्या डोळ्यांत धूळ गेली. टेक्ससमध्ये धूळ फार.

पुरुषोत्तम शेवटचा आला. परीक्षकांनी कारण दिलं, भावना कमी पडली. पहिला नंबर दंतवैद्याला मिळाला.

“हरलास,” नीलावहिनी म्हणाल्या, त्याचा हात घट्ट धरून.

“हो,” पुरुषोत्तम म्हणाला. नाकातून नाही. “कुकर गाडीत आहे का?”

रुपाली धरून ते तिघं आमच्यासाठी न थांबता घरी गेले.

मंडळाने मात्र प्रकरण वाऱ्यावर सोडलं नाही. ज्या सभासदांनी ठरलेल्या जागेव्यतिरिक्त डोळे पुसले, त्यांना कारणे दाखवा नोटीस काढायचं ठरलं. नोटीस देणारा कुणी उरेना, तेव्हा तो विषय स्थगित ठेवला. गाण्याची कॅसेट होती. ती प्रसन्नने दुरुस्त केली. दिव्याच्या ओळीवरची शांतता कापली आणि तिथे टकरबुवांचा हुंदका जोडला. दर दिवाळीला आम्ही ती कॅसेट लावतो. त्या जागी सगळे बरोबर डोळे पुसतात. आता कार्यक्रमात कुठेही गोंधळ होत नाही.

पुरुषोत्तम रविवारी सकाळी गराजमध्येच गातो, शटर अर्धं उघडं ठेवून. मी त्या गल्लीतून गाडी जरा सावकाश नेतो, वळण अवघड आहे म्हणून. परवा तिथे डॉक्टरांची गाडी उभी होती. काचा खाली होत्या. पुढे प्रसन्नची होती. आम्ही एकमेकांना ओळख दाखवली नाही.

तर मंडळाच्या वतीने ही हकीकत प्रसिद्ध करताना वाचकांना एक सूचना. वाचताना कुठे गलबलून आलं असेल, तर ती जागा तपासून घ्यावी. नीलावहिनी कुकर घेऊन निघाल्या तिथे आलं असेल तर उत्तम. कराडच्या दिव्यापाशी आलं असेल, तर माफ करा, ते ग्राह्य नाही. ते तुमचं रोजचंच आहे.