वानखेड्यांनी सैल केलेली अट

आमचे शेजारी मिलिंद वानखेडे भाजीवाल्याला भाव विचारत नाहीत, अटी विचारतात. "भैया, पहले शर्त बताओ. टमाटर आज ही खाना है या परसों तक चलेगा?" त्यांना पाहिलं की तो गाडा पुढच्या गल्लीत वळवतो.

इकडे उत्तरेत, वृंदावन योजना नावाच्या वसाहतीतल्या आमच्या गल्लीत मराठी घरं दोनच. आमचे हे रेल्वेत. वानखेडे अमरावतीचे, रिसर्च इंजिनिअर, घरून काम करणारे, एकटे. काम काय, तर सॉफ्टवेअर लिहून जगाला फुकट वाटायचं. गाडीनं कमी फिरून सगळी ठिकाणं कशी घ्यावीत, हे ते सॉफ्टवेअर शोधून देतं.

एकदा त्यांनी माझ्या आलमबाग बाजारातल्या कामांचा रस्ता आखून दिला. त्याप्रमाणे गेले, तर चक्की बंद. तक्रार केली तर म्हणाले, "मंगळवारी चक्की बंद, ही अट तुम्ही सांगितलीच नाही ना, ताई." म्हणजे चूक माझीच.

परवा रविवारी सकाळी मात्र ते अनवाणीच दारात आले. चेहरा उतरलेला.

"लफडं झालं, ताई. वेग वाढावा म्हणून मी एक अट सैल केली होती. आता सगळी घरं वेळेत बसत नसली, की ते सॉफ्टवेअर गुपचूप एक घर गाळते. अन् वर सांगते, सगळं झालं."

कुठल्याशा दूरच्या डोंगराळ देशात मारिया नावाची बाई याच सॉफ्टवेअरवर गाडी आखून घरोघर इन्सुलिन पोचवते. वानखेड्यांनी नवी आवृत्ती मागे घेतली होती, तिला कळवलंही होतं. उत्तर नव्हतं. गाडी निघाली असेल तर कुणाचं तरी घर सुटलं असणार. माझं स्वतःचं इन्सुलिन फ्रीजच्या दारात असतं; मी उठून ते जागेवर आहे ना, पाहून आले.

त्यांना आत बसवून दिलेल्या चहावर साय धरली. ते फोन उलटा ठेवायचे, पुन्हा सुलटा करायचे. मी देवाचं नाव घ्यायला लागले, तर म्हणाले, "नेटवर्क ठीक आहे ना तुमच्याकडे?"

फोन वाजला. त्यांनी तो माझ्याकडे सरकवला. "तुम्हीच वाचा, यार."

मी वाचलं. मारियाचंच उत्तर होतं. गाडी निघायच्या बेतात होती. यादी पुन्हा ताडून पाहिली, तर एका म्हाताऱ्या बाईंचं घर खरंच गळलं होतं. ते तिनं हातानं यादीत घातलं, मग गाडी निघाली.

वानखेडे खुर्चीत मागे टेकले आणि सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं.

"खाली अजून एक ओळ आहे," मी म्हटलं. "बाकी तुम्ही कसे आहात, असं विचारलंय."

त्यांनी फोन घेतला. काहीतरी लिहिलं, पुसलं. इतकी वर्षं लोकांनी त्यांना फक्त काय बिघडलंय तेवढंच कळवलं होतं. मला फार वाईट वाटलं.

"याला काय लिहितात, ताई?"

"जे खरं असेल ते."

त्यांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली.

"खरं लिहिलं तर लांबेल हो ते," म्हणाले.

मी पुन्हा चहाचं आधण ठेवलं.