अस्वलरावांच्या पाइपची सैल नळी

मुलांनो, एका जंगलात एक अस्वल राहत होतं. ते लेखक होतं. हसू नका, मीही लेखकच आहे, माझ्या अंगावर केस कमी एवढाच काय तो फरक.

त्याचं नाव धुंडिराज. पण सगळे त्याला अस्वलराव म्हणत. अस्वलरावांकडे एक पाइप होता. एक शिकारी त्यांना बघून पळाला, तेव्हा बंदूक तेवढी घेऊन गेला आणि पाइप तिथेच टाकला. त्या आपटण्यात पाइपची नळी सैल झाली. म्हणजे काय व्हायचं, की नळी तोंडात राहायची आणि वाटी, पेटत्या तंबाखूसकट, पोटावर पडायची.

तंबाखू वाईट असते, हे तुम्हाला माहीत आहेच. अस्वलरावांनाही माहीत होतं. विचारवंताला सगळं माहीत असतं.

तर वाटी पडू नये म्हणून अस्वलराव एक पंजा सतत तिच्याखाली धरून बसत. तोंड उघडायची सोय नाही. धूर डोळ्यांत जायचा, म्हणून डोळे मिटलेले. बघणाऱ्याला वाटायचं, बाप रे, केवढं चिंतन चाललंय!

एकदा सशाने विचारलं, "काका, या जगाचं मूळ कशात आहे हो?"

अस्वलराव उत्तर द्यायला गेले आणि वाटी पडली. "आई गं!" ते किंचाळले.

ससा तिथल्या तिथे रडायला लागला. "दोन शब्दांत सांगितलंत हो, काका!" झालं, जंगलभर बोलबाला. तरुण माकडं तर हनुवटीखाली हात धरून हिंडायला लागली. पाइप नव्हता बिचाऱ्यांकडे.

ही कीर्ती सिंहमहाराजांच्या कानावर गेली. महाराजांना दरबारात एक सल्लागार हवा होता. पगार नव्हता, पण ओढ्याकाठची कोरडी गुहा मिळणार होती. अस्वलरावांच्या पत्नी सगुणाबाई, त्यांनी हे ऐकलं आणि त्यांना रडूच कोसळलं. त्यांची गुहा इतकी गळकी होती, की पावसाळाभर त्या बसल्या बसल्या झोपत.

"आता एवढी मुलाखत नीट द्या," त्या म्हणाल्या. "मी बोचकी बांधते."

"अगं, पण हा पाइप! भर दरबारात पोटावर पडला तर काय शोभा राहील माझी?"

सुतारपक्ष्याला बोलावलं. त्याने नळीला आणखी भोकं पाडायची तयारी दाखवली. शेवटी सगुणाबाईंनीच दारात पडलेलं मधाच्या पोळ्याचं मेण उचललं. मध नवऱ्याने खाल्ला होता, मेण थुंकलं होतं. ते त्यांनी शेकोटीवर जरा ऊन केलं, नळीच्या टोकाला पातळसं चोपडलं आणि नळी पिळत पिळत आत बसवली. अशी घट्ट बसली म्हणता!

"बघा, आता नाचलात तरी पडायची नाही," त्या म्हणाल्या. मोठ्या मायेने केलं हो त्यांनी.

दरबार भरला. उमेदवार दोनच, अस्वलराव आणि एक कासव. महाराजांनी विचारलं, "तळी आटली आहेत. काय करावं?"

कासवाने घाबरून मान आत घेतली.

अस्वलरावांनी सवयीने पंजा वाटीखाली नेला. मग त्यांच्या लक्षात आलं, की आता त्याची गरजच नाही. पाइप दातांत ठाम होता आणि तोंडाची दुसरी बाजू मोकळी होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा! ते बोलू लागले.

ते म्हणाले, पाण्याचा प्रश्न हा मुळात पाण्याशी निगडित आहे. मग म्हणाले, याला अनेक बाजू आहेत, आणि त्यांतली एकही सोडली नाही. आपलं बालपण सांगितलं. मागच्या सत्कारात शाल आखूड मिळाली, तेही सांगितलं. स्वतःची कविता म्हटली, आणि कळली नसेल म्हणून पुन्हा म्हटली. महाराजांनी भली मोठी जांभई दिली, तरी समोरची हरणं पळाली नाहीत, कारण ती केव्हाच झोपली होती. मध्येच कधीतरी पाइप विझला. अस्वलराव चालूच.

संध्याकाळी महाराज म्हणाले, "कासवाने निदान विचार तरी केला."

गुहा कासवाला मिळाली. ज्याचं घर पाठीवरच असतं, त्याला!

बोचकी घेऊन नवराबायको परत निघाले. अस्वलरावांनी हळूच विचारलं, "भाषण लांबलं का गं जरा?"

सगुणाबाई थांबल्या. त्यांचे डोळे भरून आले. "अहो, लग्न झाल्यापासून तुम्ही माझ्याशी धड चार शब्द बोलला नाहीत. मला वाटायचं, आत केवढं काय काय साठलं असेल! त्या आशेवर गळक्या गुहेत दिवस काढले मी. आज कळलं, आत काय होतं ते."

अस्वलरावांनी तोंड उघडलं. काहीच सुचेना. नुसते उभे राहिले.

"हे छान जमलं," सगुणाबाई म्हणाल्या. "हेच तिथे करायचं होतं."

तात्पर्य: मोडकंतोडकं वेळीच दुरुस्त करावं, असं तुमचे गुरुजी सांगतील. सांगू देत. तुम्ही मात्र आधी बघा, त्या मोडक्या वस्तूमुळे आपलं काय काय झाकून राहिलंय. माझाही पाइप परवाच दुरुस्त झाला, मुलांनो. नाहीतर ही गोष्ट मी तुम्हाला सांगत बसलो असतो का?