मावशींचा उतार आणि सेक्रेटरींचा फ्रीज

सेक्रेटरींनी फीत कापली, चार टाळ्या झाल्या आणि ते दाराकडे बघून म्हणाले, "हं मावशी, या आता खाली!"

मावशी दाराशी व्हीलचेअरवर बसल्या होत्या. सोसायटीच्या तीन पायऱ्यांशेजारी बांधलेल्या नव्या रॅम्पकडे त्यांनी पाहिलं आणि चाकं घट्ट धरली. रॅम्प कसला, बालवाडीतली घसरगुंडी होती ती! वर गुळगुळीत चकाकत्या फरश्या. सेक्रेटरींच्या बाथरूममधून उरलेल्या.

"अहो, केवढा उभा केलात हा! एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते. नियमच आहे तसा. मी गवंड्याला घसा फोडून सांगत होते."

"तेवढा लांब केला असता तर माझी गाडी कुठे लावायची?" सेक्रेटरी हसत म्हणाले. रॅम्प बरोबर त्यांच्या गाडीपाशी येऊन संपत होता. "नियम मोठमोठ्या ऑफिसांना असतात, मावशी. आपण घरची माणसं. जरा सांभाळून घ्यायचं. चला, फोटोवाला खोळंबलाय."

दारावर 'दिव्यांगांसाठी विशेष सुविधा' असा निळा बोर्ड लावला होता. या सगळ्या प्रकारात नियमाप्रमाणे झालेली वस्तू ती एवढीच. मावशींनी हात जरा सैल सोडले मात्र, खुर्ची सुटली ती गाडीपुढच्या वॉचमनच्या स्टुलावर जाऊन आदळली. वॉचमन उडी मारून वाचला, त्याचा चहा मावशींच्या मांडीवर सांडला. लोकांना वाटलं, रॅम्प असाच उतरायचा असतो. त्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

"सवय होईल!" सेक्रेटरी म्हणाले.

मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाय चालत नसले म्हणून काय झालं, आग जायची वाट शाबूत होती.

त्याला कारणही तसंच होतं. इतकी वर्षं घरात बसून लोकांचे कपडे शिवणाऱ्या मावशींना एका शिवणशाळेने कटिंग शिकवायला बोलावलं होतं. आयुष्यातली पहिली बाहेरची नोकरी. शाळेतला रॅम्प चांगला ऐसपैस होता, रिक्षावाला ठरला होता. अडत होतं ते आपल्याच दारात. धाकटी बहीण नर्स, ती पहाटेच ड्यूटीवर जायची. मग रॅम्पवरून उतरताना खुर्ची पुढून वॉचमनने अडवायची आणि मागून पेपरवाल्याने ओढून धरायची, असा बंदोबस्त झाला. पण वॉचमन असला की पेपरवाला नसे, आणि पेपरवाला आला की वॉचमन पाण्याच्या मोटारीशी झटत असे. मावशींना उशीर होऊ लागला.

"तुमच्यासारखी कात्री चालवणारी मिळायची नाही," शाळेच्या मुख्य बाई म्हणाल्या, "पण मुली ताटकळतात हो. पुन्हा असं झालं तर मला दुसरी कुणी बघावी लागेल."

मावशींनी कमिटीकडे दाद मागितली. पण कमिटीची सभा पहिल्या मजल्यावर, आणि इमारतीला लिफ्ट नाही. मावशी जिन्याखालून ओरडल्या, "रॅम्पचा विषय घ्या!"

खजिनदार कठड्यावरून वाकून म्हणाले, "विषय मांडायला सभेला हजर राहावं लागतं, मावशी. नियम आहे."

हा नियम मात्र घरच्या माणसांनाही लागू होता.

मग एका सकाळी सेक्रेटरींचा नवा फ्रीज आला. दोन दारांचा, कपाटाएवढा. मावशी डबा मांडीवर घेऊन वर दाराशी पेपरवाल्याची वाट बघत होत्या. हमाल फ्रीज पाठीवर घेऊन पायऱ्यांनी चढवायच्या बेतात होते.

"पायऱ्यांनी कशाला? ट्रॉली काढा," सेक्रेटरी म्हणाले. "एवढा रॅम्प बांधलाय तो काय शोभेला?"

हमालाने रॅम्पवर पाय घासून पाहिला. "साहेब, फार उभा आहे हा. आणि आत्ताच पुसलेला दिसतोय."

"अरे, मावशी रोज जातात यावरून!"

"जात नाही, रोज मरता मरता वाचते," मावशी वरून म्हणाल्या. "ऐका त्याचं. आपटेल तो."

"तुमचं आपलं रोजचंच! चल रे, लाव जोर."

हमालांनी जोर लावला. ट्रॉली निम्म्यावर आली, पुढच्या हमालाचा पाय सटकला, मागच्याने शहाणपणा करून उडी मारली. फ्रीज क्षणभर विचारात पडल्यासारखा थांबला, मग निघाला तो थेट सेक्रेटरींच्या गाडीच्या बॉनेटवर जाऊन टेकला. गाडी केकाटू लागली.

"कुणी बांधला हा रॅम्प?" सेक्रेटरी गरजले.

वॉचमनने तोंडाला रुमाल लावला.

फ्रीज दुपारपर्यंत रॅम्पच्या तोंडाशी आडवा पडून होता. मावशींनी शाळेत फोन केला. "फ्रीज आडवा आलाय," हे कारण मुख्य बाईंनी आजवर ऐकलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "आठवडाभर मी निभावते. पुढच्या सोमवारी वेळेवर या. नाही जमलं तर तसं सांगा, मी राग मानणार नाही."

संध्याकाळी तातडीची सभा भरली, तीही खाली, कारण सगळ्यांना बॉनेट बघायचं होतं. ठराव बघता बघता पास झाला: नियमात बसेल एवढा लांब रॅम्प, खरखरीत फरश्या, दोन्ही बाजूंना कठडे, काम लगेच सुरू. गाडीची जागा जाणार होती, पण गाडीच गॅरेजमध्ये गेली होती.

"काय मावशी, झालं ना तुमच्या मनासारखं?" सेक्रेटरींनी विचारलं.

"माझ्या?" मावशींचा आवाज असा चढला की वरच्या खिडक्या उघडल्या. "मी आपटले तेव्हा टाळ्या वाजवल्यात! रोज जीव मुठीत धरून उतरते, तेव्हा सांभाळून घ्या म्हणालात! आणि फ्रीजला पोचा आला तर लगेच सभा? मी माणूस आहे हो! मला फ्रीजइतकी तरी किंमत द्यायचीत!"

खजिनदार चपलांकडे बघत राहिले. ठरावात काही बदल करायचा का, असं त्यांनी हळूच विचारलं.

त्या सोमवारी सकाळी मावशी नव्या रॅम्पच्या टोकाशी आल्या. पेपरवाला नव्हता, वॉचमन मोटारीपाशी होता. त्यांनी एकटीने खुर्ची उतारावर घातली. चाकं शहाण्यासारखी चालली. डोळ्यांत पाणी आलं, त्याचाही त्यांना रागच आला. एवढ्याशा गोष्टीसाठी किती भांडायला लावलं मेल्यांनी!

तेवढ्यात खाली टेम्पो थांबला. दुरुस्त झालेला फ्रीज ट्रॉलीवर चढला. सेक्रेटरी मागून धावत आले.

"मावशी, जरा मागे घ्या हो! आधी फ्रीज जाऊ दे वर. खोळंबलाय तो."

मावशींनी घड्याळ पाहिलं. आज हाताशी भरपूर वेळ होता. त्या होत्या त्याहून सावकाश, कठड्याला हात लावत, मधोमध उतरू लागल्या.

"थांबू दे त्याला," त्या म्हणाल्या. "सवय होईल."