पुढाऱ्यांच्या मागची माणसं

आमच्या शेजारचे भरमाप्पा, म्हणजे आप्पा, मोबाईल बघायला बसताना पायांत चपला घालतात आणि डोक्यावर टोपी ठेवतात. बघायच्या असतात मुंबईच्या जुन्या बातम्यांच्या फिल्मा. मी एकदा भीत भीत कारण विचारलं, तर म्हणाले, "सापडला तर लगीच निघाय नको व्हय?"

सापडायचा आहे त्यांचा थोरला भाऊ परशराम, म्हणजे त्यांचा अण्णा. तरुणपणी तो आमच्या कंग्राळी गावातून मुंबईला गिरणीत कामाला गेला आणि पुढं त्याचं पत्रही आलं नाही. घरात त्याचा एक फोटोसुद्धा नाही.

या फिल्मा त्यांना मीच दाखवल्या. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. इतिहासाच्या प्रकल्पासाठी जुनं चित्रण बघत होते. सरांनी सांगितलं होतं, कोण पुढारी आले, कशाचं उद्घाटन झालं, ते टिपून घे. आप्पांना पुढाऱ्यांचा भयंकर राग. "सरक की रं बाजूला! म्हशीगत आडवा हुबारलायस!" असं ते एका मंत्र्यावर ओरडले. मंत्री फीत कापत राहिले.

आप्पांची नजर मागच्या गर्दीवर. "थांब! मागं घे! त्यो छत्रीवाला!" मी मागं घ्यायची. छत्रीवाला पुन्हा यायचा, पुन्हा जायचा. अण्णा आठवड्यातून दोनदा तरी सापडायचा. कधी उंच, कधी बुटका, एकदा तर मिशीवाला हवालदार. माझ्या वहीत पुढाऱ्यांपेक्षा छत्र्याच जास्त झाल्या.

यंदा मात्र आप्पांना एका जागी बसवेना. त्यांच्या सूनबाई सुनंदावहिनी यांनी ठरवलं होतं, या वर्षी पितृपंधरवड्यात म्हाळाला घरातल्या पितरांबरोबर परशरामचंही पान ठेवायचं.

"मामा," त्या सासऱ्यांना म्हणाल्या, "किती वर्सं वाट बघायची? उपाशी ठेवल्याचं पाप लागंल आमास्नी."

"जित्या माणसाला म्हाळ घालत्यात व्हय गं?"

"जिता हाय म्हणून त्या मोबाईलनंच सांगितलंय जणू!"

आप्पा दिवसातून चार वेळा आमच्या दारात. "आज नवीन काय आलंय का मुंबईचं?" जुन्या मुंबईत नवीन काय येणार! पण असं त्यांना तोंडावर सांगायचा मला धीर व्हायचा नाही.

म्हाळाच्या आदल्या दिवशी दुपारी ते ओरडलेच, "ह्योच!" गर्दीतला एक तरुण कॅमेऱ्याकडं बघून हसत होता. आप्पा उठून दारापर्यंत गेलेसुद्धा. मी फिल्मवरचं साल बघितलं. बोलू की नको, कळेना. शेवटी मी म्हणाले, "आप्पा, ही फिल्म तुमचे अण्णा गावातनं जायच्या आधीची हाय."

ते थांबले. "साल मलाबी वाचाय येतंय." मग उंबऱ्यावरच बसले. "तोंड आठवंना झालंय गं मला त्याचं. कुणाचं तरी बघून ठेवावं म्हटलं, त्याचं म्हणून."

दुसऱ्या दिवशी वहिनींनी पितरांची पानं कावळ्यांसाठी छपरावर ठेवायला घेतली. त्यांतलं परशरामचं पान आप्पांनी काढून घेतलं आणि आत जेवणाऱ्यांच्या पंगतीत, आपल्या शेजारी मांडलं. सगळे वहिनींकडं बघायला लागले. त्यांनी तिथं पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

मी वाढत होते. आप्पा आपलं जेवण सोडून त्या पानावरच्या माश्या वारत होते.

"हितं खीर आनकी वाढ गं," ते म्हणाले. "ह्यो मागून घ्यायचा न्हाय. लई लाजतोय."