जवळून काढलेला संत्रा

नववीतल्या रश्मीला फळाफुलांचे जवळून फोटो काढायचा नाद लागला होता. बाबांच्या, म्हणजे हिरालालच्या, झाडाचं एक फळ तर तिने असं टिपलं, की मोबाइलभर नुसता केशरी गोळा! हिरालालने तो फोटो ताबडतोब काटोलच्या मेहुण्याला पाठवला. कैलाशमामाची तिकडे संत्र्याची बाग होती, आणि "धानवाल्यानं धानच लावावा," हे तो यांच्या गावी, केशोरीत येऊन दर दिवाळीला ऐकवायचा.

मामाचं उत्तर आलं, "भाऊजी, रविवारी पाह्यलेच येतो."

हिरालाल मटकन बसला. झाड होतं कुंडीत, त्याच्या गुडघ्याएवढं. नर्सरीवाल्याने 'चायना संत्रा' म्हणून दिलेलं, संत्रा आणि कुमक्वाट नावाच्या चिमुकल्या फळाचा संकर. रंग संत्र्याचा, आकार लिंबाचा. आणि आंबट इतकं की चाखणाऱ्याचे डोळे आपोआप मिटायचे.

"एवढा मोठा काऊन काढला वं फोटो?"

"तुमीच म्हनलं ना बाबा, झकास काढ!"

"आता बकरीनं झाड खाल्लं म्हनून सांगू."

"आपल्या घरी बकरी कुठं हाय?" आई, म्हणजे अल्का, चुलीजवळून म्हणाली.

म्हणून रविवारी सकाळी शेजारच्या केवलरामची बकरी अंगणात बांधली गेली. फळं तोडून स्वयंपाकघरात लपवली, कुंडी धानाच्या पोत्यांमागे ढकलली. मामा आला तो रिकामं क्रेट घेऊनच.

"आखं झाड खाल्लं? खोडबी?"

"लय भुकेली होती," हिरालाल म्हणाला. बकरी शांतपणे रवंथ करत मामाकडे बघत राहिली.

जेवायला तळलेले मासे होते. घरात लिंबू नव्हतं, अल्काने हाताला आलेलं कापून ताटात ठेवलं. मामाने पिळलं, खाल्लं, पुन्हा मागितलं. "ताई, कोनता लिंबू वं हा? मजा आली!" मग फोड उजेडात धरली. आतून-बाहेरून केशरी.

हिरालालचा घास तोंडातच राहिला.

"भाऊजी, झाड कुठं हाय?"

रश्मीनेच पोत्यांमागून कुंडी ओढून आणली. पानांआड चुकून राहिलेलं एक फळ डोलत होतं. आता मामा गावभर हसणार, बाबा दिवाळीला तोंड लपवणार, आणि सगळा दोष तिच्या मोबाइलचा!

पण मामा हसला नाही. कपाळाचा घाम पुसत खाली बसला.

"मी तं काटोलात सांगून बसलो ना, का भाऊजीले रोप मीच देलं म्हनून. लोक क्रेटची वाट पाहून राहिले."

मामाने मग कुंडीशेजारी मांडी घातली, केसांवरून हात फिरवला.

"भाची, माहाबी काढ एक फोटो. फळ असं जवळून घेजो. अन् कुंडी दिसू देऊ नोको."