भुऱ्याने दाखवलेली विहीर

बहात्तरच्या दुष्काळात आसारामने हात-तोंड धुतलेलं पाणी परसात न नेता ओट्यावरूनच अंगणात फेकायचं ठरवलं, तिथून हे सगळं सुरू झालं. निर्णय तसा किरकोळ. बायको माहेरी गेल्यावर कुणीही नवरा घेईल असा.

रुक्मिणीबाई बहिणीच्या बाळंतपणासाठी गेवराईला निघाली, तेव्हा एस्टीत पाय ठेवेपर्यंत तिचं एकच चाललं होतं. "हात धुवा, तोंड धुवा, समदं पाणी परसातल्या लिंबुणीला घाला. आन् अंगन सारवून चालले, ते हाय तसं दिसलं पायजे. न्हाईतर मी आल्या पावली माघारी जाईन!"

तिचंही बरोबर होतं. तांब्या-तांब्याने पाणी वाचवून तिने ते अंगण सारवलं होतं. त्या साली लोक भेटल्यावर जेवलात का विचारत नसत, टँकर आला का विचारत. तरी काय माणसं होती ती! स्वतःचा हंडा अर्धा असला तरी शेजारणीला तांब्याभर पाणी देत. आता घरोघरी नळ आहेत आणि कुणी कुणाकडे मागायला जात नाही.

आसाराम म्हणजे गावच्या सोसायटीचा सेक्रेटरी. टँकरच्या पाळ्या तोच लावायचा आणि रांगेतल्या बायांना "थेंब न् थेंब जपा" म्हणून भाषण द्यायचा. (बाया तेवढ्यात आपली भांडणं उरकून घेत.) आदल्याच दिवशी पाय धुतले म्हणून त्याने शेजारच्या भिवराबाईला रांगेतून मागे काढलं होतं. घरी मात्र परस लांब आणि ओटा जवळ.

उन्हाने पोळलेल्या गावात गार जागा एकच उरली आहे, हे आसारामच्या भुऱ्या कुत्र्याने बरोबर हेरलं. त्याने तिथे उकरलं आणि खड्ड्यात पोट टेकून झोपला. आसारामने खड्डा बुजवला, भुऱ्याने पुन्हा उकरला. वर दगड ठेवला, तर त्याने शेजारी उकरलं. तिखट टाकलं, तर शिंकत शिंकत उकरलं. आणि रुक्मिणीबाई तर शनिवारी येणार होती.

सायकल दुकानवाला मैनुद्दीन म्हणाला, "सेक्रेटरीसाब, बुजवून काय फायदा? साखळी लावा." त्याने दुकानातली साखळीही दिली. भुऱ्याला दारातल्या कडुलिंबाला बांधलं, तर तो त्या जागेकडे तोंड करून दिवसभर भुंकत राहिला.

ते ऐकून सोसायटीचे चेअरमन आप्पाराव आत आले.

"आसाराम, हे एकाच जागेकडं बघून कशापायी भुकतंय रं?"

"लई उकरत होतं साहेब, म्हनून बांधलं."

आप्पारावांनी वाकून माती चिमटीत धरली. "आरं, वल हाय! खाली झरा हाय, झरा! मुक्या जनावराला कळलं आन् सेक्रेटरीला कळंना?"

ती माझी चूळ आहे साहेब, एवढंच म्हणायचं होतं. ते ओठांपर्यंत आलंही. पण कुडावरून भिवराबाई डोकावत होती.

"असंल," आसाराम म्हणाला.

मग पाण्याची जागा सांगायला बद्रीनाथ पाणाड्याला बोलावलं. त्याच्या तळहातावर आडवा ठेवलेला नारळ त्या जागेवर येताच ताडकन उभा राहिला. (तो कुठेही उभा राहायचा, पण त्या साली कुणाला तसं म्हणायचं नव्हतं.) पहारी आल्या, टिकाव आले. मैनुद्दीन दुकान बंद करून खणायला उतरला, आप्पारावांनी गूळ वाटला. एवढ्या महिन्यांनी गावाच्या तोंडावर हसू आलं होतं. ते बघून आसारामचा जीव तुटत होता. खणता खणता, खरं ठाऊक असूनही, त्याला स्वतःलाच आशा वाटू लागली.

शनिवारी रुक्मिणीबाई गाठोडं घेऊन दारात उभी राहिली, तेव्हा अंगण नव्हतं. पुरुषभर खड्डा होता आणि त्यात नवरा होता. वरच्या वीतभर मातीखाली सगळा कोरडा मुरूम लागला होता.

"वहिनी, कुत्र्यानं पानी दावलंय!" आप्पाराव म्हणाले.

रुक्मिणीबाईने खड्डा बघितला, मग ओटा बघितला. आत जाऊन परसातली वाळलेली लिंबूण बघून आली.

"आवो, हात कुठं धूत होतात तुमी?"

आसारामने पहार खाली ठेवली.

"ओट्यावर."

आधी भिवराबाई हसली. मग बद्रीनाथ, मग चिडलेले आप्पारावही. गाव डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलं. तेवढंच पाणी त्या खड्ड्याने दिलं.

एकटी रुक्मिणीबाई हसली नाही. तिने भुऱ्याला सोडलं, तसा तो खड्ड्यात उडी टाकून आसारामच्या पायाशी जाऊन झोपला. साखळी तिच्या हातातच राहिली.

मैनुद्दीनने हात पुढे केला. "भाभी, देता का? दुकानाला लागती."

"ऱ्हाऊ द्या भाईजान," खड्ड्यात बघत ती म्हणाली. "बारशाला मला परत गेवराईला जायाचंय. कुत्रं मोकळं ऱ्हाईल, ह्यांना बांधायला लागंल."