झालं तरी न सांगणारी चार अवजारं

“ताई, गुरुवारी दुपारी बारापर्यंत तुझ्या दवाखान्यातला तो डोंगर मी उचलून बाहेर टाकतो. त्याच्या जागी चार खडे ठेवतो. पाचवा लागला तर नाव बदलीन.”

हे बोलणाऱ्या गृहस्थांचं नाव बायकोने आधीच बदललेलं होतं. घरातल्या बारा चमच्यांतले नऊ त्यांनी लोकांना वाटून टाकले (“माणसं दोन, पाहुणा एक, चमचे तीन”), त्या दिवसापासून ती त्यांना मोजकेराव म्हणू लागली आणि बघता बघता सगळ्यांच्या तोंडी तेच बसलं.

आता डोंगर कसला, तेही सांगायला हवं. ताई म्हणजे मोजकेरावांची थोरली बहीण, जनावरांची डॉक्टर. तिच्याकडे लशींच्या तारखा सांभाळणारा आणि मालकांना मेसेज पाठवणारा एक अगडबंब प्रोग्राम होता. त्याला बेचाळीस बटणं. सकाळी चालू केला की तो आधी संगीत वाजवी, मग शुभेच्छा देई, मग बाहेरचं हवामान सांगे. तोवर काउंटरवरच्या मावशी पिंजऱ्यांतलं पाणी बदलून, फरशी पुसून परत येत. आणि एवढं सगळं करून, मेसेज पाठवायच्या वेळी तो विचारी, ‘खरंच पाठवायचं का?’

“बघ,” मोजकेराव म्हणाले, “ज्याला स्वतःचाच भरवसा नाही, त्याच्या हाती तू दवाखाना दिलायस.”

“तू नऊ वर्षांचा असताना आपलं भिंतीवरचं घड्याळ असंच सोपं केलं होतंस,” ताई म्हणाली. “सात भाग काढून ठेवलेस. ते अजून साडेतीन दाखवतंय.”

“सातातले चार खरंच जास्तीचे होते. तीन चुकून निघाले.”

ताई हसली, पण हसून सोडण्यासारखी गोष्ट नव्हती. सहा महिन्यांपूर्वी मोजकेरावांनी मोठ्या कंपनीची खुर्ची सोडली होती. अख्खं आयुष्य लहान, साधे, एकाच कामाचे प्रोग्राम लिहिण्यात घालवायचं, असा पण केला होता. सहा महिन्यांत गिऱ्हाईक म्हणून कुणी उंबऱ्याशी फिरकलं नव्हतं. कंपनी भली, तिने कळवलं होतं की शनिवारपर्यंत परत येणार असाल तर खुर्ची तुमचीच. म्हणजे ताईचा दवाखाना हे पहिलं गिऱ्हाईक, आणि जमलं नाही तर शेवटचं.

“बरं,” ताई म्हणाली, “गुरुवार तुझा. फिसकटलं तर शुक्रवारी डोंगर परत जागेवर, आणि शनिवारी तू खुर्चीवर. कबूल?”

“कबूल.”

मोजकेरावांनी चार अवजारं केली. पहिलं ‘काढ’. ते फक्त नोंदवहीतून जनावरांची नावं काढणार. दुसरं ‘निवड’, ते ज्यांची लस आज आहे तेवढीच निवडणार. तिसरं ‘लिही’, ते मेसेजचं वाक्य लिहिणार. चौथं ‘पाठव’, ते पाठवणार. एकाने तोंडातून काढलेलं पडद्यावर नाही, तर सरळ पुढच्याच्या कानात पडायचं. भिंतीवरच्या फळ्यावर चार चौकोन आणि तीन बाण काढून त्यांनी ताईला हे तळमळीने समजावलं.

“कीर्तनात झांज धरणारा असतो ना, ताई? तो झांज धरतो. मधेच उठून निरूपण सुरू करत नाही. म्हणून तर रंग चढतो. देवाने ज्याला जे काम दिलं ते त्याने करावं आणि गप्प राहावं.”

किती खरं आहे हो हे. आणि पुढचा सगळा घोळ नेमका याच खऱ्यातून झाला.

गुरुवारी सकाळी नऊला मावशींनी देवाचं नाव घेऊन एंटर दाबलं. पडद्यावर काही नाही. संगीत नाही, शुभेच्छा नाही, हवामान नाही. काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ लुकलुकत होती, कुणी रागावून नुसतं बघत राहावं तशी. मावशींनी पुन्हा दाबलं. मग जरा जोरात दाबलं. मग चष्मा पुसून दाबलं.

सव्वानऊला मोजकेराव आले, तेव्हा मावशींचं बोट लाल झालं होतं.

“दादा, तुमचं यंत्र मुकं आहे.”

“मावशी, ते मुकं नाही, सभ्य आहे. काम बिनचूक झालं की ते बोलत नाही. चुकलं तरच बोलतं.”

“आमच्या घरी उलटं आहे,” मावशी म्हणाल्या. “तिथे काम झालं की दिवसभर सांगतात.”

“किती वेळा दाबलंत?”

“मोजलं नाही. नऊ असतील.”

त्या दिवशी लस असलेले मालक अठरा. प्रत्येकाला नऊ मेसेज. तुमच्या जनावराची लस आज आहे, हे कुणी पाच मिनिटांत नऊ वेळा सांगितलं तर तुम्ही संध्याकाळची वाट बघाल का? साडेनऊला अठराही जण हजर, कुणी चपला वेगवेगळ्या घालून, कुणी अर्धी दाढी करून. पाच बाकांच्या खोलीत अकरा कुत्री, सहा मांजरं आणि एक पोपट. ताईने आतून मान बाहेर काढली, बाकं बघितली, भाऊ बघितला, आणि मान आत घेतली.

दुसरा कुणी असता तर तिथेच हात टेकले असते. मोजकेराव हटले नाहीत.

“मावशी, तुमचं बरोबर आहे. काम झालं की त्याने ‘झालं’ एवढं म्हणायला हवं. एक शब्द. दोन मिनिटं द्या.”

एका मोठ्या कुत्र्याने त्यांच्या मांडीवर हनुवटी टेकलेली, दुसऱ्याने पट्टा खुर्चीभोवती गुंडाळलेला, अशा अवस्थेत मोजकेरावांनी अवजारं उघडली. हाताला लागलं ‘निवड’. त्याच्या शेवटी त्यांनी ‘झालं’ लिहिलं. मग आजच्या यादीत फक्त स्वतःच्या घरच्या मांजरीचं नाव ठेवलं, परीक्षा घ्यायला, आणि एंटर दाबलं.

पडद्यावर काही नाही.

“मुकंच आहे,” मावशी म्हणाल्या.

“थांबा.” मोजकेरावांनी पुन्हा दाबलं. मग जरा जोरात दाबलं. मग चष्मा पुसला. मावशी त्यांच्या बोटाकडे बघत होत्या, पण बाई घरंदाज, बोलल्या काही नाहीत.

चष्मा परत डोळ्यांवर चढवताना त्यांची नजर समोरच्या फळ्यावर गेली. चार चौकोन, तीन बाण. एकाने तोंडातून काढलेलं पुढच्याच्या कानात.

झांजवाल्याने निरूपण सुरू केलं होतं.

‘निवड’ म्हणालं ‘झालं’. ‘लिही’ला वाटलं, हे एका जनावराचं नाव. त्याने वाक्य लिहिलं. ‘पाठव’ने त्या जनावराच्या मालकाचा फोन नंबर शोधला, तो नव्हता. आणि नंबर नसला तर नोंदवहीतल्या सगळ्यांना पाठवायचं, ही सोय मोजकेरावांनीच ठेवली होती, दवाखाना बंद असल्याचं कळवायला वेगळं अवजार नको म्हणून. तीनशे चाळीस घरी, तीन तीन वेळा, एकच मेसेज गेला: ‘आपल्या झालंची लस आज आहे. त्वरित घेऊन या.’

साडेदहापर्यंत रांग जिन्यावरून खाली रस्त्यावर गेली.

“आमच्याकडे झालं कुणीच नाही,” दोन मांजरं घेऊन आलेल्या शिंपीणबाई सांगत होत्या, “म्हणून दोघांना आणलं. तुम्हीच ठरवा.”

एक निवृत्त मास्तर ताटात कासव घेऊन उभे होते. “हे चार महिन्यांसाठी झोपलं होतं. त्वरित म्हणालात म्हणून उठवलं. आता पुन्हा झोपवणार कोण?”

जिन्यात एक बोकड होता. तो वरही येईना आणि खालीही जाईना. मागून आवाज आला, “अहो, जरा वाट द्या,” आणि पिशवीतून मांजरीचं डोकं बाहेर काढून मोजकेरावांची बायको वर आली.

“हिचा एक मेसेज आला तीन वेळा, आणि त्या झालंचा आला तीन वेळा,” ती म्हणाली. “मला न सांगता तुम्ही दुसरं मांजर पाळलंय का?”

तेवढ्यात सकाळपासून ‘झालं, झालं’ ऐकणारा पोपट खणखणीत आवाजात म्हणाला, “झालं.”

“हा बरा आहे,” मावशी म्हणाल्या. “विचारलं नाही तरी सांगतो.”

ताई बाहेर आली. हातात मोजे, कपाळावर घाम. ओरडली नाही, तेच जास्त लागलं. “घड्याळाला निदान पाय नव्हते,” ती म्हणाली. “डोंगराची डिस्क कुठे ठेवलीस?”

“ताई, बारा वाजायला दीड तास आहे.”

“अरे—”

“गुरुवार माझा आहे. तूच म्हणालीस.”

त्यांनी यंत्र बंद केलं. मावशींना दारात बसवलं, हातात छापील नोंदवही दिली. “मावशी, तुम्ही फक्त नाव काढायचं.” स्वतः शेजारी बसले, फक्त आज लस आहे की नाही ते बघायला. कासव टेबलाखाली ठेवून मास्तरांना चिठ्ठ्या लिहायला लावलं. बायको जिन्याच्या तोंडाशी, चिठ्ठी बघून कुणाला आत आणि कुणाला घरी पाठवायला. चौघं, चार कामं, एकाच्या हातातलं दुसऱ्याच्या हातात. आणि खरं सांगायचं तर रंग चढला. मास्तरांचं अक्षर मोत्यासारखं. रांग सरकू लागली. बोकडसुद्धा चिठ्ठी मिळाल्यावर उतरला, ती खाऊन.

पावणेबाराला खोलीत त्या अठरांतले लस राहिलेले तेवढेच मालक उरले, आणि ज्याची पाळी होती तो आत होता.

ताईने मोजे काढले. बाहेर येऊन ती फळ्यासमोर उभी राहिली.

“तुझे चार चौकोन खोटे नाहीत,” ती म्हणाली. “पण तुझी बायको काय करत होती ते बघितलंस? प्रत्येकाला सोडायच्या आधी ती चिठ्ठी वाचायची, तोंडाकडे बघायची आणि विचारायची, ‘नक्की ना?’ ते तुझ्या यंत्रात कुठे आहे?”

मोजकेरावांनी खडू घेतला आणि चौथ्या चौकोनाच्या अलीकडे पाचवा काढला. ते अवजार एकच काम करणार होतं. विचारणार होतं, ‘खरंच पाठवायचं का?’

“हे कुठेतरी वाचल्यासारखं वाटतंय,” ताई म्हणाली.

“डोंगरातून एक खडा घेतला,” मोजकेराव खालमानेने म्हणाले.

“बाकीचे एकेचाळीस ने घरी. डिस्क राहू दे तुझ्याकडेच. आणि सोमवारी ये, औषधांच्या कपाटाचं पण बघ.”

पहिलं गिऱ्हाईक टिकलं. देवाची दया, आणि थोडी बायकोची.

शनिवारी सकाळी मोजकेरावांनी कंपनीला एका ओळीचा मेसेज पाठवला: ‘मी परत येत नाही. आभारी आहे.’ आणि फोन उपडा ठेवून बसले.

उत्तर आलं नाही. मोजकेरावांनी फोन सुलटा केला, चष्मा पुसला.

“अहो, पोचला असेल,” बायको आतून म्हणाली. “बोललं नाही म्हणजे झालं, असं तुम्हीच सांगता ना?”

“हो. ते सभ्य लोक आहेत.”

दुपारी उत्तर आलं. ‘कळलं. नऊही वेळा कळलं.’